छोटे भाई, मुक्काम पाटनगढ

शामराव हिवाळे यांस,


हे पत्र नागपूरहून लिहितो आहे आणि त्याला कारण आहे. तुमचं काम उभं राहिलं मंडल्याच्या डोंगरात, अमरकंटकच्या पायथ्याशी. पण त्या डोंगरावर हुकूम चालायचा तो आमच्या गावातून. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी नागपूर. जंगलखात्याचे कायदे, शाळांची अनुदानं, पोलिसांचा पहारा, सगळ्याचा उगम इथे. तुमचं करंजिया ज्या बिशपच्या धर्मप्रांतात यायचं, तो बिशपही इथलाच. इतकं असूनही आज सीताबर्डीवर उभं राहून शामराव हिवाळे कोण असं विचारलं, तर शंभरातला एखादा तरी सांगू शकेल की नाही, शंका आहे. जो सांगेल तोही म्हणेल, ‘एल्विनसोबत होते ते.’

व्हेरियर एल्विन यांना पत्रं लिहिणारे पुष्कळ झाले. त्यांच्यावर मोठमोठे चरित्रग्रंथ आहेत, त्यांचं स्वतःचं आत्मकथन आहे, त्या आत्मकथनाला मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. तुमच्या नावावर आहे ती सोबत. मला पडलेला प्रश्न साधा आहे. ऑक्सफर्डचा एक इंग्रज पाद्री आणि पुण्याच्या आश्रमातला एक मराठी ख्रिस्ती तरुण मिळून गोंडांच्या खेड्यात सेवेची संस्था काढतात. चर्च तिच्यावरचा हात काढून घेतं, काही वर्षांनी पाद्री चर्च सोडतो आणि शेवटी गावही सोडतो. मग ती संस्था कोणाची म्हणायची? माझं उत्तर ठरलेलं आहे: जो राहिला त्याची. पण ते उत्तर तुमच्यासमोर नीट मांडून दाखवायला हवं, म्हणून हा पत्रप्रपंच.

करंजियात ख्रिस्ताचं नाव घेणारे तुम्ही काही पहिले नव्हता. तुमच्या आधी नव्वद वर्षं तिथे जर्मन येऊन गेले होते. जबलपूरला डोनाल्ड मॅक्लिऑड नावाचा भाविक अधिकारी होता. त्याच्या खटपटीनं बर्लिनच्या गॉसनर पाद्र्यांनी माणसं पाठवली. त्यात शेतकरी आणि कारागीर होते. नांगर धरायचा, सुतारकी करायची, गोंडांच्या शेजारी घर बांधून त्यांच्यासारखं जगायचं आणि जगता जगता शिकवायचं, ही कल्पना. लोएश नावाचा पाद्री त्यांचा म्होरक्या. १८४१ च्या सुमारास ते निघाले आणि १८४२ मध्ये, पुरता जम बसायच्या आत, त्यांतले चौघं आजारानं गेले. संपलं. उरलेल्यांतले काही नागपूर-कामठीकडे उतरले.

याच नागपुरात १८४५ साली स्कॉटलंडचा स्टीफन हिस्लॉप आला. त्याच्या नावाचं कॉलेज आज शहरात प्रत्येकाला ठाऊक आहे; त्याच्या मिशनची माणसं पुढे भंडारा-वर्ध्याकडे पसरली; सीताबर्डीचं म्युअर मेमोरियल हॉस्पिटल १८९६ चं, तेही त्याच झाडाची फांदी. पण हिस्लॉपचं एक काम तुमच्या फार जवळचं आहे. दगड आणि जीवाश्म गोळा करता करता तो गोंडांकडे वळला आणि त्यांच्या पुराणपुरुषाची, लिंगोची, अख्खी कथा त्यानं एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या गाथा गाणाऱ्याच्या, तोंडून उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ ला बोरीजवळ नाल्याला आलेल्या पुरात तो वाहून गेला. त्याचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. बरोबर ऐंशी वर्षांनी, १९४६ मध्ये, त्याच परधानांवर एक संपूर्ण ग्रंथ आला आणि तो तुमचा होता. या दोन तारखांच्या मध्ये नागपूर प्रांतातल्या चर्चचा सगळा ग्रामीण इतिहास बसतो, असं मला वाटतं. दवाखाने, शाळा, अनाथालयं बरीच झाली. कान देऊन ऐकणारे मोजकेच.

तुम्ही आलात ते मात्र स्कॉटिश वाटेनं नव्हे. तुमची वाट नगर-पुण्याची, आणि तिचं एक टोक पुन्हा नागपूरला येऊन टेकतं. नारायण वामन टिळक नागपुरात राहिलेले. नागपूर-राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका गोऱ्या मिशनऱ्यानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. शेवटच्या वर्षांत टिळकांनी देवाचा दरबार मांडला: मिशनच्या पगारापासून सुटलेला, देशी वेषाचा, देशी भजनाचा ख्रिस्ती भक्तिमार्ग. त्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिणारे जॅक विन्स्लो हे नगरकडे काम करणारे अँग्लिकन मिशनरी. १९२२ मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला, पुढे तो पुण्यात स्थिरावला. खादी, मांडी घालून जेवण, मराठी प्रार्थना, गोरे आणि काळे एका पंगतीला. १९२७ मध्ये तिथे एल्विन आले, वय पंचवीस, बिशपचे चिरंजीव. तिथेच तुमची त्यांची गाठ पडली. तेव्हा लोक तुमच्या संस्थेचा जन्म इंग्लंडात शोधतात ते चुकतात. ती टिळकांच्या दरबाराची लांबची नात आहे.

मग एल्विन साबरमतीला गेले, गांधींच्या प्रेमात पडले, पोलिसांच्या दडपशाहीवर लिहू लागले. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी गोंडांचं नाव सुचवलं: ज्यांच्याकडे ना काँग्रेसवाले फिरकले होते, ना मिशनवाले टिकले होते. एल्विन आणि तुम्ही दोघं तयार झालात. आणि गोंडांकडे जायचं म्हणजे नागपूरच्या बिशपची परवानगी हवी.

बिशप ॲलेक्स वुड यांच्याबद्दल मी कडवट लिहिणार नाही. तो खुर्चीतला माणूस नव्हता. चांद्याला पाद्री म्हणून त्यानं वर्षानुवर्षं काढली होती, खेडं त्याला माहीत होतं. सुरुवातीला त्यानं तुमचं स्वागतही केलं. पण १९३१-३२ चा काळ. कायदेभंग पेटलेला, गांधी पुन्हा तुरुंगात. खादी घातलेला, काँग्रेसची बाजू घेऊन लिहिणारा इंग्रज पाद्री आपल्या धर्मप्रांतात काम करणार म्हटल्यावर बिशपनं राजनिष्ठेच्या शपथेचा आग्रह धरला. एल्विननी ती घ्यायला नकार दिला. बिशपनं परवाना नाकारला. म्हणजे ख्रिस्ताच्या नावानं गोंडांच्या जखमा धुवायला हरकत नव्हती, पण त्याच झोपडीत प्रभुभोजनाचा विधी करायचा झाला तर आधी पंचम जॉर्जशी निष्ठा सिद्ध करायची. चर्चनं ख्रिस्त आणि बादशहा यांना एका अर्जावर आणून बसवलं होतं. खेडं ठाऊक असलेल्या माणसाकडूनही हे घडलं, यातच साम्राज्याच्या चर्चची खरी अडचण दिसते.

तुम्ही दोघं तरीही गेलात. जानेवारी १९३२ च्या अखेरीस करंजियात पोहोचलात. टेकडीवर माती-गवताच्या झोपड्या, सेंट फ्रान्सिसच्या नावाचा आश्रम, छोटंसं प्रार्थनाघर, भगवे-पांढरे कपडे, ब्रह्मचर्य, खादी. पुण्यातून नियम जसेच्या तसे उचलून आणले होते. त्यातला एकेक नियम मंडल्याच्या मातीनं कसा पुसून टाकला, ही गोष्ट मला फार आवडते. सूतकताई शिकवायची तर त्या पठारावर कापूसच पिकत नव्हता. दारूबंदी सांगायची तर मोहाच्या थेंबाशिवाय तिथे देव बसत नाही, लग्न लागत नाही, मेलेल्याची वाट मोकळी होत नाही. ब्रह्मचर्याबद्दल गोंडांना काय वाटलं असेल, ते तुम्हीच जाणे! सुधारायला आलेले दोघे हळूहळू स्वतःच सुधारत गेले. एल्विनची त्या दिवसांची डायरी १९३६ मध्ये पुस्तकरूपानं आली. तिच्यात स्वतःच्या फजितीवर हसण्याची जी धमक आहे, ती मिशनच्या अहवालांत क्वचितच भेटते.

पण डायरी लिहायला एकाला वेळ मिळत होता, कारण दुसरा ओसरीवर औषध वाटत बसलेला होता. तो दुसरा तुम्ही.

लोकांनी नावं ठेवली ती नेमकी ठेवली: एल्विन बडा भाई, तुम्ही छोटा भाई. मंडळाचं नाव गोंड सेवा मंडळ. काम काय, तर दवाखाना, आसपासच्या गावांत शाळा आणि कुष्ठरोग्यांसाठी घर. शिवाय एक काम, जे कुठल्याच अहवालात मावत नाही: भांडणं ऐकणं. नवरा-बायकोचं बिनसलं, सावकारानं दाणे जास्त मोजून नेले, जंगलाच्या शिपायानं कोंबडी उचलली, कोणाच्या अंगात आलं, कोणावर जादूटोण्याचा आळ आला, की माणसं तुमच्या अंगणात. डॉक्टरकीची पदवी तुमच्याकडे नव्हती. पण त्या मुलखात पदवीवाला डॉक्टर होता कुठे? खरूज, जंत, हिवताप, भाजलेलं मूल, अस्वलानं फाडलेला माणूस. यातलं निम्मं स्वच्छ पाणी, क्विनाईन, मलम आणि धीर यांवर निभावतं, हे खेड्यातल्या कुठल्याही जुन्या कंपाउंडरला विचारा.

कुष्ठरोग्यांच्या घराकडे मात्र थोडं थांबायला हवं, कारण विदर्भाचा माणूस तिथे आपोआप थांबतो. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केलं. अचलपूरजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग मिशनचं काम होतंच. बाबा आमट्यांचं आनंदवन यायला अजून दीड दशक होतं. त्या काळी या रोगावर चौलमुग्र्याच्या तेलाच्या सुयांपलीकडे काही नव्हतं. सुई दुखायची, गाठ यायची आणि गुण येईल याचा भरवसा नाही. डॅप्सोनच्या गोळ्या चाळीशीच्या दशकानंतरच्या. म्हणजे तुम्ही जे घर बांधलंत, त्यात बरं करण्याची ताकद थोडी आणि सोबत करण्याची तयारी मोठी. पुढे तुमचा मुक्काम करंजियाहून सरवाछापर आणि तिथून पाटनगढला हलला, तरी ते घर करंजियाला चालू राहिलं. मंडळाच्या सगळ्या कामांतलं मला हे सर्वांत खरं वाटतं. त्यातून संशोधन निघालं नाही, वादही निघाला नाही.

१९३५ च्या नोव्हेंबरात एल्विननी चर्च सोडलं. इथून पुढे इतिहासकार तुमच्या मंडळाला ‘चर्चचं’ म्हणत नाहीत आणि कागदोपत्री ते बरोबरही आहे. बाप्तिस्मा द्यायचा नाही, हे तर तुम्ही पहिल्यापासूनच ठरवलेलं होतं. तरीही मी म्हणेन की चर्चच्या पोटातून निघालेल्या संस्थेचे गुण आणि अवगुण दोन्ही त्यात शेवटपर्यंत राहिले. गुण असा, की नफातोटा न बघता रोगट माणसाशेजारी बसायची सवय. अवगुण असा, की पैसा कायम लांबून यायचा. इंग्लंडातले हितचिंतक, मुंबईचे धनिक मित्र, पुढे विद्यापीठांची संशोधन-शिष्यवृत्ती. आणि हे सगळं एल्विन यांच्या लेखणीच्या आकर्षणावर. मनिऑर्डरी यायच्या त्या त्यांच्या इंग्रजीला भुलून. औषधं वाटली जायची ती तुमच्या गोंडी-हिंदीतून.

मग वाद सुरू झाले, आणि त्यांचे सूत्रधार बरेचसे आमच्या मराठी मुलखात बसलेले. १९३९ मध्ये ‘द बैगा’ या ग्रंथात एल्विननी बैगा या त्याच डोंगरातल्या आदिवासींसाठी राखीव प्रदेशाची कल्पना मांडली. जिथे त्यांची फिरती बेवर शेती त्यांच्या मर्जीनं चालेल, बाहेरचा सावकार आणि कलाल शिरणार नाही. १९४१ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये काळे स्मारक व्याख्यान देताना गांधीवादी कार्यकर्ते ठक्कर बाप्पांनी या वेगळेपणाच्या कल्पनेला विरोध केला. १९४३ मध्ये मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी ग्रंथच काढला: आदिवासी हे मागासलेले हिंदू, त्यांना वेगळं काढणं चूक. आज मागे वळून पाहताना मला दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर दिसतात. घुर्यांना गोंडाचं वेगळेपण दिसलं नाही. एल्विनना गोंडाची शाळेत जायची, नोकरी मागायची, मतदान करायची भूक पुरेशी दिसली नाही. तुमचं मत काय होतं? ते फारसं कोणी विचारलेलं दिसत नाही. दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला ‘अलगाव’ हवा की ‘समावेश’, हा प्रश्न पडत नसावा, एवढं मात्र तुम्हाला सर्वांत जास्त माहीत असणार.

१९४४ च्या वादाबद्दल मात्र मला तुमच्याशी भांडायचं आहे. मंडल्यात डच कॅथलिक पाद्र्यांनी शाळांचं जाळं विणलं होतं आणि त्याला सरकारी अनुदान मिळत होतं. शाळांच्या आडून धर्मांतर चाललंय असा आवाज तुम्ही दोघांनी उठवला, वर्तमानपत्रांतून मोहीम केली. ठक्कर बाप्पांशी कालपर्यंत भांडत होता, या बाबतीत तेच तुमच्या बाजूला येऊन उभे राहिले. धर्मांतरासाठी शाळा वापरणं वाईट, मान्य. पण ज्याला बिशपनं सरकारच्या मर्जीपायी दार बंद केलं, त्यानंच बारा वर्षांनी दुसऱ्या चर्चची दारं बंद करा म्हणून सरकारकडे जावं? शिवाय गोंडाच्या पोरानं कोणाच्या शाळेत अक्षर गिरवावं, हे ठरवायला त्याच्या आई-बापाला कोणी विचारलं होतं? मंडळाचं नाव मधल्या काळात बदलून भूमिजन सेवा मंडळ झालं. नाव व्यापक झालं खरं.

दुसरं भांडण अवघड आहे. कोसी. एल्विननी १९४० मध्ये राज गोंड मुलीशी, कोसीशी लग्न केलं. तिच्याच गाण्यांतून, नात्यांतून, घरातून त्यांना तो समाज आतून कळला. १९४९ मध्ये घटस्फोट झाला. आपल्या जाडजूड आत्मकथनात एल्विननी तिला काही ओळींत उरकलं. ती त्यांच्यानंतर सेहेचाळीस वर्षं जगली. २०१० मध्ये पाटनगढजवळच्या रायतवारमध्ये, गरिबीत गेली. तुम्ही आणि तुमच्या पत्नी कुसुमताई तिच्या शेजारगावी राहत होता. तुम्ही तिच्यासाठी काय केलं आणि काय करू शकला नाही, याचा हिशेब मागण्याचा अधिकार मला नाही. पण सेवेच्या प्रत्येक संस्थेच्या इतिहासात एक अशी बाई असते जिचं नाव स्थापनादिनाच्या भाषणात येत नाही. तुमच्या संस्थेत ती कोसी होती, हे लिहून ठेवल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही.

१९५४ साल आपल्या दोघांच्याही गावांना वळण देणारं. त्या वर्षी एल्विन भारतीय नागरिक झाले आणि ईशान्य सीमाभागाचे सल्लागार म्हणून शिलाँगला गेले. मोठं काम, मोठा मान. १९६१ मध्ये पद्मभूषण, १९६४ मध्ये निधन. तुम्ही पाटनगढला राहिलात. त्याच १९५४ मध्ये इथे नागपुरात मध्य प्रदेश सरकारनं नियोगी समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या उद्योगांची चौकशी करायची होती. १९५६ मध्ये अहवाल आला. धर्मांतरासाठीच येणाऱ्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवा, अशी त्यात शिफारस होती आणि देशभर त्यावरून गदारोळ झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, याच नागपुरात, बाबासाहेबांच्या मागोमाग धम्मदीक्षा घेणाऱ्यांत स्वतः नियोगीही होते! धर्म बदलण्याचा हक्क आणि धर्म बदलवण्याचा उद्योग यांतला फरक त्यांना कुठे सापडला, हे विचारायला मला आवडलं असतं. आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात आलं, राजधानी भोपाळला गेली, मंडला तिकडे राहिला. तुमचं नाव आमच्या वहीतून गळालं ते याच दिवशी. तुमच्या कामात काही कमी होतं म्हणून नव्हे. आम्ही विदर्भातल्या वर्तमानपत्रांत मंडल्याच्या बातम्या छापणं थांबवलं म्हणून.

मंडळ का टिकलं नाही? आनंदवनाशी तुलना केली की उत्तर सापडतं, आणि ते तुम्हाला रुचणार नाही कदाचित. बाबा आमट्यांनी वरोऱ्याच्या खडकाळ जमिनीवर रोग्यांच्या हातांनीच शेती, करघे, कारखाने उभे केले. रोगी हाच संस्थेचा कमावता मालक झाला. त्यांच्यामागे मुलं आणि नातवंडं त्याच कामात उतरली. गोंड सेवा मंडळात गोंड पुढे होते ते औषध घेणारे, गोष्टी सांगणारे, मित्र म्हणून. संस्थेचे कारभारी म्हणून त्यांना पुढे यायला वेळही मिळाला नाही आणि तशी योजनाही दिसत नाही. दोन भावांचा स्नेह हीच घटना, दोन भावांची मर्जी हाच ठराव. नंतर ट्रायबल वेल्फेअर अँड रिसर्च युनिट असं भारदस्त नाव दिलं, तरी नावानं संस्था होत नसते. मिशनच्या संस्था पुष्कळदा रूक्ष असतात. समित्या, इतिवृत्तं, हिशेबाच्या वह्या. पण म्युअर हॉस्पिटल काढणारे गेले तरी दार उघडं राहिलं, ते त्या रूक्ष वह्यांमुळे. तुम्ही चर्चबरोबर तिची वहीदेखील सोडून दिलीत.

हे सगळं बोलून झाल्यावर तुमच्या पुस्तकाकडे येतो, कारण माझ्या लेखी संस्थेचा खरा वारसा तिथे आहे. ‘द परधान्स ऑफ द अप्पर नर्बदा व्हॅली’, १९४६. त्याच वर्षी तुम्ही एल्विनवरही एक पुस्तक लिहिलंत, लोक त्याचाच उल्लेख करतात. १९३५ च्या ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ या गोंड गाण्यांच्या संग्रहावर तुमचं नाव आधी आणि एल्विनचं नंतर होतं. १९४४ च्या मैकल पहाडातल्या लोकगीतांवर क्रम उलटा झाला. परधानांचा ग्रंथ मात्र एकट्याचा. आणि विषयही कसा निवडलात! परधान म्हणजे गोंडांचे गाणारे. बाना वाजवत यजमान गोंडाच्या दारी जायचं, बडा देवाची आणि त्याच्या पूर्वजांची गाथा गायची, बिदागी घ्यायची. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर लिहिणाऱ्या रसेल आणि हिरालाल यांनीही नोंदवलेली त्यांची कथा अशी, की सात भावांत जो धाकटा होता, त्यानं वाद्य करून देवाला आळवलं आणि त्याचे वंशज परधान झाले. मानात गोंडाच्या खाली, पण गोंडाची आठवण ज्याच्या गळ्यात, तो धाकटा भाऊ. छोट्या भाईला हा विषय सुचावा, यात मला नवल वाटत नाही.

तुमच्या गावात पुढे काय झालं तेही कळवतो. १९८१ मध्ये भोपाळच्या भारत भवनासाठी कलावंत शोधत चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांची माणसं पाटनगढला पोहोचली. एका घराच्या भिंतीवर त्यांना चित्र दिसलं. काढणारा परधान पोरगा, जनगढ सिंह श्याम. बाना ज्यांच्या घरात मुका होत चालला होता, त्यांच्या देवांना त्यानं रंगाच्या ठिपक्यांत उतरवलं. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागली. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना त्यानं जीवन संपवलं. त्या बातमीनं इथेही माणसं सुन्न झाली होती. आज त्याच्या शैलीतून पाटनगढची घरंच्या घरं पोट भरतात, आणि ‘गोंड चित्र’ म्हणून जे नागपूरच्या दिवाणखान्यांत टांगलं जातं, ते बहुतेक वेळा परधानांचं असतं. जगाला त्या गावाचा पत्ता जनगढमुळे कळला. त्या गावातल्या गाणाऱ्यांचं म्हणणं छापण्याजोगं आहे हे आधी ओळखलं ते तुम्ही. तेही एखाद्या राजधानीत बसून नाही, शेजारी राहून, त्यांच्या पोरांची खरूज धुता धुता.

आता शेवटचं मागणं. ते तुमच्याकडे नाही, हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांच्याकडे आहे. परधान फक्त मंडल्यात नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारोंनी आहेत, मराठी शिकलेत, मराठीत लिहितात. एका मराठी माणसानं त्यांच्या भाईबंदांवर लिहिलेला ग्रंथ त्यांना इंग्रजीतून का वाचावा लागावा? गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठानं तो मराठीत आणावा, आणि टिपा परधान अभ्यासकांनी लिहाव्यात. तुमचं कुठे चुकलं तेही त्यांनीच सांगावं. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० ला उत्तर भारतातली सहा चर्चेस एक झाली. त्या एकत्र झालेल्या चर्चच्या नागपूर धर्मप्रांतानं बिशप वुड यांच्या काळातले कागद कपाटात असतील तर अभ्यासकांना खुले करावेत. नाकारलेल्या परवान्याची गोष्ट चर्चनं स्वतः सांगितली, तर त्यात कमीपणा नाही. आणि मुखपृष्ठावर नाव एकच असावं: शामराव हिवाळे.

कळावे,
आपला,
नागपूरचा एक वाचक